प्रॉक्सीची मेमरी जाते कुठे?

फायरवॉलच्या डॅशबोर्डवर ‘मेमरी ९१ टक्के’ असा लाल पट्टा दिसला की सिस्टिम सांभाळणाऱ्याचा हात आधी रिस्टार्टकडे जातो. रिस्टार्टनंतर आकडा तिशीत येतो, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि काही दिवसांत तो पुन्हा नव्वदीत. मग रॅमसाठी मंजुरी मिळवायची. आठ जीबीच्या जागी सोळा बसते, आणि महिन्याभरात आकडा परत तिथेच. पैसे गेले, पट्टा लालच.

टक्केवारीचा हा आकडा मेमरी किती भरली एवढंच सांगतो. ती कोणी भरली, आणि निकड आली तर भरणारा ती सोडेल का, हे तो सांगत नाही. प्रॉक्सी, म्हणजे सगळ्यांच्या वतीने बाहेरून पानं आणून देणारा मधला प्रोग्राम, चालवणाऱ्या फायरवॉलवर मात्र नेमकं तेच कळायला हवं असतं.

उदाहरणासाठी स्क्विड हा प्रॉक्सी प्रोग्राम घेऊ, कारण खुल्या सॉफ्टवेअरवर उभ्या असलेल्या अनेक प्रॉक्सींच्या पोटात तोच असतो. अमेरिकेतल्या हार्वेस्ट या संशोधन प्रकल्पातल्या कॅशच्या (एकदा आणलेलं जवळ जपून ठेवणाऱ्या साठ्याच्या) कोडवरून ड्युएन वेसल्स यांनी १९९६ साली तो पुढे आणला. बँडविड्थ तेव्हा सोन्याच्या भावाची होती. भारतात तर व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, त्याला जेमतेम वर्ष होत होतं. एकाने उघडलेलं पान जपून ठेवायचं आणि दुसऱ्याने मागितलं की आपल्याच सर्व्हरवरून द्यायचं, म्हणजे बाहेरची लाइन वाचते, एवढाच त्यामागचा हेतू. पुढे पीएफसेन्स, ओपीएनसेन्स, आयपीफायर अशा फायरवॉलमध्येही स्क्विड येऊन बसला, आणि एकाच डब्यात, म्हणजे एकाच मशीनमध्ये, फायरवॉल, प्रॉक्सी, अँटिव्हायरस असा संसार सुरू झाला.

उसनी मेमरी आणि अडकलेली मेमरी

लिनक्स रॅम रिकामी ठेवत नाही. डिस्कवरून वाचलेल्या फाइली तो जमेल तेवढ्या रॅममध्ये राहू देतो, पुन्हा लागल्या तर डिस्कपर्यंत जायला नको म्हणून. हा झाला पेज कॅश. ‘फ्री’ ही कमांड चालवली की ‘बफ/कॅश’ या रकान्यात तो दिसतो. एखाद्या प्रोग्रामला मेमरी हवी झाली की यातली बरीचशी जागा लिनक्स तत्काळ सोडून देतो. म्हणून ‘फ्री’ नावाच्या रकान्यात २०० एमबीच उरलेत म्हणून घाबरायचं कारण नाही. बघायचा रकाना ‘अव्हेलेबल’. नवा प्रोग्राम सुरू केला तर स्वॅपला, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेला, हात न लावता किती मेमरी मिळेल याचा कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) स्वतः काढलेला अंदाज तिथे असतो. कर्नल ३.१४ पासून, म्हणजे २०१४ पासून, तो उपलब्ध आहे. तरीही काही डॅशबोर्ड एकूण रॅममधून नुसती ‘फ्री’ वजा करतात आणि उरलेलं सगळं ‘वापरात’ म्हणून लाल रंगवतात.

पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स हे फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात, तिथे रकान्यांची नावं वेगळी: अ‍ॅक्टिव्ह, इनअ‍ॅक्टिव्ह, लाँड्री, वायर्ड, फ्री. झेडएफएस फाइल सिस्टिम वापरली असेल तर तिचा स्वतःचा कॅश, म्हणजे एआरसी, ‘वायर्ड’मध्ये मोजला जातो. नाव ऐकून वाटतं की ही मेमरी कायमची अडकली. तसं नाही, मागणी वाढली की एआरसी आकसतो. मात्र मागणी अचानक आली तर तो तेवढ्या चपळाईने मागे हटेलच असं नाही. म्हणून लहान रॅमच्या डब्यावर एआरसीची कमाल मर्यादा हाताने ठरवून दिलेली बरी.

मग काळजी कधी करायची? स्वॅपची ये-जा सुरू झाली की. ‘व्हीएमस्टॅट’ कमांडमध्ये ‘एसआय’ आणि ‘एसओ’ असे दोन रकाने असतात, स्वॅपमधून आत आलेलं आणि बाहेर गेलेलं. स्वॅपमध्ये १०० एमबी नुसते पडून असतील तर सोडून द्या. हे दोन रकाने मात्र सतत हलत असतील तर प्रॉक्सीचं काही खरं नाही. स्क्विडचं मुख्य काम एकच प्रोसेस करते. ती एका फेऱ्यात शेकडो कनेक्शनांना आळीपाळीने थोडं थोडं बघत जाते. तिला लागणारं मेमरीचं एक पान स्वॅपमधून यायचं असेल, तर ते येईपर्यंत ती थांबते, आणि तिच्याबरोबर सगळेच थांबतात. अकाउंट्सच्या मॅडम, लॅबमधली पोरं, साहेबांचा व्हिडिओ कॉल, सगळे. स्क्विड स्वतःच्या स्थितीचा ‘इन्फो’ नावाचा अहवाल देतो, त्यात ‘पेज फॉल्ट्स विथ फिजिकल आय/ओ’ अशी एक ओळ असते. ती झपाट्याने वाढत असेल तर निदान झालं म्हणून समजा.

एक सावधगिरी. स्क्विडच्या सेटिंगमध्ये आणि अहवालात ‘स्वॅप’ लिहिलेलं दिसलं तर ते बहुधा स्क्विडच्या डिस्क कॅशबद्दल असतं, ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्वॅपबद्दल नाही. ‘स्टोरेज स्वॅप ९४ टक्के’ हे वाचून कोणी रॅम मागवू नये.

कॅश_मेम ही मर्यादा नव्हे

स्क्विडच्या सगळ्या सेटिंगांत सर्वाधिक गैरसमज कॅश_मेमबद्दल आहेत. लोक तिथे २ जीबी लिहितात आणि स्क्विड २ जीबीच्या वर जाणार नाही असं गृहीत धरतात. थोड्या दिवसांनी प्रोसेस साडेचार जीबीवर दिसते, आणि ‘मेमरी लीक’ची ओरड सुरू होते. स्क्विडच्या सोबत येणाऱ्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ठळक मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय की हा आकडा प्रोसेसचा कमाल आकार ठरवत नाही. ओरडून सांगावं लागलं म्हणजे हा प्रश्न किती जणांनी विचारला असेल!

कॅश_मेममध्ये मोजतात फक्त पानांचा मजकूर: आत्ता वाटेत असलेला, वारंवार मागितला जाणारा, आणि ‘हे पान सापडलं नाही’ अशी नकाराची उत्तरं. त्यातही वाटेत असलेल्या मजकुराचा मान पहिला. एकदम खूप मागण्या आल्या तर स्क्विड ही मर्यादा ओलांडतो आणि गर्दी ओसरली की मागे येतो. जुन्या २ मालिकेत याचा मूळ आकडा ८ एमबी होता, ३.१ पासून तो २५६ एमबी झाला. इंटरनेटवरचे जुने सल्ले वाचताना ते कोणत्या आवृत्तीसाठी लिहिलेत हे आधी बघा, नाहीतर ‘मूळ आकड्याच्या चौपट करा’ याचा अर्थ एकाकडे ३२ एमबी होईल आणि दुसऱ्याकडे एक जीबी.

मग उरलेली मेमरी खाल्ली कोणी? पहिला आणि मोठा खाऊ म्हणजे डिस्क कॅशची सूची.

घराच्या माळ्यावर सामान ठेवलंय असं धरा. माळ्यावर जागा भरपूर, पण दर वेळी शिडी लावून शोधत बसायचं नसेल तर कुठल्या डब्यात काय आहे याची वही खालीच, हाताशी हवी. माळ्यावर डबे वाढले की वही जाड होते, आणि वहीला जागा लागते ती खालच्या खोलीतली. स्क्विडची डिस्क म्हणजे माळा आणि रॅम म्हणजे खालची खोली. डिस्कवर ठेवलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद तो रॅममध्ये बाळगतो.

या नोंदींचा हिशेब ठरलेला आहे. ६४ बिटच्या मशीनवर डिस्क कॅशच्या दर एक जीबीमागे साधारण १४ एमबी रॅम सूचीला लागते. सरासरी वस्तू १३ केबीची धरली तर एका जीबीत सुमारे ८० हजार वस्तू मावतात, म्हणजे वस्तूमागे १८० बाइट्सच्या आसपास. एका नोंदीला हे काही जास्त नाही. पण डिस्क स्वस्त आहे म्हणून कोणी कॅश_डिर या डिस्क कॅशच्या सेटिंगमध्ये २०० जीबी लिहिले, तर दीड कोटीहून जास्त नोंदी होतात आणि सूचीलाच २.८ जीबी रॅम लागते. त्या डब्यात रॅम ४ जीबी असेल आणि कॅश_मेम १ जीबी, तर गणित तिथेच संपलं. फायरवॉलला उरलं काय?

यातला खरा डाव असा की हे लगेच कळत नाही. पहिल्या दिवशी डिस्क रिकामी, सूचीही रिकामी, सगळं छान पळतं. कॅश हळूहळू भरत जातो, आणि बसवून गेलेला माणूस विसरला गेल्यावर, तीन-चार महिन्यांनी, प्रॉक्सी रखडायला लागतो. तेव्हा कोणालाच आठवत नाही की कारण बसवण्याच्या दिवशीच्या एका ओळीत आहे.

स्क्विडच्या माहितीपत्रकातला ढोबळ हिशेब सोपा आहे. सूचीची मेमरी, अधिक कॅश_मेम, अधिक १० ते २० एमबी. येईल त्या बेरजेच्या दुप्पट तरी रॅम मशीनमध्ये असावी. दुप्पट का? कारण एकाच वेळी उघडी असलेली कनेक्शनं, डीएनएसची (साइटच्या नावावरून पत्ता शोधण्याची) उत्तरं, लॉगचे बफर या सगळ्यांनाही जागा हवी. शिवाय ऑपरेटिंग सिस्टिमला स्वतःचा पेज कॅश हवा असतो. तो उपाशी राहिला तर डिस्क कॅश वाचणंही संथ होतं.

आणखी एक गोष्ट बुचकळ्यात टाकते. रात्री ऑफिस रिकामं असतं, तरी प्रोसेसचा आकार खाली येत नाही. प्रोग्रामने आतल्या आत मोकळी केलेली मेमरी सिस्टिमला परत जातेच असं नाही. उद्या लागेल म्हणून स्क्विडही काही तुकडे स्वतःच्या साठ्यात राखतो, आणि लहान-मोठ्या तुकड्यांच्या सरमिसळीने मध्ये मध्ये फटी राहतात त्या वेगळ्याच. म्हणून प्रोसेसचा आकार सहसा आजवरच्या सर्वाधिक गर्दीचा असतो, आत्ताच्या गर्दीचा नव्हे.

एवढा कॅश हवाच कशाला?

इथे जरा कडू बोलावं लागेल. १९९६ मध्ये जे गणित होतं ते आज राहिलेलं नाही. तेव्हा पानं साध्या एचटीटीपीवर यायची आणि प्रॉक्सीला ती वाचता यायची. आता जवळजवळ सगळं एचटीटीपीएस. जुलै २०१८ मध्ये क्रोम ६८ ने साध्या एचटीटीपी साइटवर ‘नॉट सिक्युअर’ची पाटी लावायला सुरुवात केली, आणि उरलेसुरलेही तिकडे वळले. एचटीटीपीएसमध्ये ब्राउझर प्रॉक्सीला सांगतो, ‘अमुक सर्व्हरपर्यंत मला बोगदा काढून दे’, आणि मग त्यातून गुप्त केलेला मजकूर जातो-येतो. प्रॉक्सीला तो वाचता येत नाही, त्यामुळे साठवताही येत नाही.

पटत नसेल तर आपल्या मशीनचा अ‍ॅक्सेस लॉग उघडा. प्रत्येक ओळीत निकालाचा शिक्का असतो. ‘टीसीपी_मेम_हिट’ म्हणजे रॅममधून दिलं, ‘टीसीपी_हिट’ म्हणजे डिस्कवरून, ‘टीसीपी_मिस’ म्हणजे बाहेरून आणलं, आणि ‘टीसीपी_टनेल’ म्हणजे बोगदा. साध्या ऑफिसच्या लॉगमध्ये टनेलचीच रांग लागलेली दिसेल. ‘इन्फो’ अहवालात ‘हिट्स अ‍ॅज पर्सेंट ऑफ ऑल रिक्वेस्ट्स’ ही ओळ बघा, आणि तिच्या खालची बाइट्सची टक्केवारीही बघा. दोन्ही दोन-तीन टक्क्यांवर रेंगाळत असतील तर २०० जीबीची डिस्क आणि पावणेतीन जीबीची सूची आपण कशासाठी पोसतोय, हा प्रश्न विचारायलाच हवा.

एचटीटीपीएस मध्येच उघडून बघायची सोयही स्क्विडमध्ये आहे, तिला एसएसएल बंप म्हणतात. त्यासाठी प्रत्येक कॉम्प्युटरवर आपलं प्रमाणपत्र बसवावं लागतं. बँकांची आणि इतर कित्येक अ‍ॅप्स ते नाकारतात, आणि लोकांचा खाजगी मजकूर आपल्या डब्यात उघडा पडतो. वर प्रोसेसर आणि मेमरीचा खर्च. केवळ कॅश वाढावा म्हणून हा उद्योग करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅशचा उपयोग अजून जिथे होतो ती जागा वेगळी आहे: विंडोज अपडेटच्या फाइली, डेबियनसारख्या लिनक्सची पॅकेजेस. यांतला बराच माल अजूनही साध्या एचटीटीपीवरून येतो, कारण खरेपणाची खात्री फाइलवरच्या सहीने होते. ४० कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये एकच ३०० एमबीचं अपडेट ४० वेळा ओढलं जात असेल, तर इथे कॅश पैसे वसूल करतो. पण गंमत बघा, स्क्विडची मूळ सेटिंग्ज इथेच आडवी येतात. डिस्कवर ठेवायच्या वस्तूची कमाल मर्यादा मुळात ४ एमबी आहे, त्यामुळे ३०० एमबीची फाइल साठवलीच जात नाही. ती मर्यादा वाढवा, आणि ती ओळ कॅश_डिरच्या ओळीच्या आधी लिहा. शिवाय विंडोज अपडेट फाइल तुकड्यातुकड्यांनी मागतं, आणि स्क्विड सहसा असे तुकडे साठवत नाही. पूर्ण फाइल ओढायला लावणारी ‘रेंज_ऑफसेट_लिमिट’ ही सेटिंग त्या ठरावीक साइटपुरतीच लावा. सगळ्यांसाठी खुली केलीत तर कोणी व्हिडिओचा एक तुकडा बघितला तरी प्रॉक्सी अख्खा व्हिडिओ ओढत बसेल.

रॅममध्ये ठेवायच्या वस्तूची मर्यादा मात्र वेगळी असते, मुळात ५१२ केबी. ती उगाच वाढवू नका. ५० एमबीची एक फाइल आत आली की शंभर-शंभर छोट्या, वारंवार लागणाऱ्या वस्तू हुसकावल्या जातात. काय हुसकवायचं हे ठरवायचे नियमही बदलता येतात. ‘जीडीएसएफ’ लहान आणि लोकप्रिय वस्तू राखतो, त्याने हिटची संख्या वाढते. ‘एलएफयूडीए’ आकार न बघता लोकप्रियता बघतो, त्याने वाचलेले बाइट्स वाढतात. अपडेटसाठीच कॅश ठेवला असेल तर डिस्कला दुसरा लावावा.

त्याच डब्यातले बाकीचे भाडेकरू

प्रॉक्सीचा दोष नसताना प्रॉक्सीला बोल लागतो, असंही पुष्कळदा होतं. क्लॅमएव्ही या अँटिव्हायरसचा क्लॅमडी हा प्रोग्राम व्हायरसच्या खुणांचा सगळा संच रॅममध्ये चढवतो, त्यालाच एक जीबीच्या वर जागा जाते. नवा संच आला की जुना चालू ठेवून नवा शेजारी चढवण्याची पद्धत ०.१०३ आवृत्तीपासून आली. काम थांबत नाही हे चांगलं, पण तेवढा वेळ मेमरी दुपटीच्या आसपास लागते. रोज ठरावीक वेळी मेमरी उसळत असेल आणि मध्येच एखादी प्रोसेस मरत असेल, तर आधी अपडेटची वेळ जुळवून बघा. लिनक्सवर रॅम पूर्ण संपली की कर्नल स्वतःच एक प्रोसेस निवडून मारतो. निवडताना मोठ्या आकाराकडे त्याचा कल असतो, त्यामुळे बळी बऱ्याचदा स्क्विडचा जातो. सुरिकाटा किंवा स्नॉर्ट हे घुसखोरी शोधणारे प्रोग्राम याच डब्यात असतील तर नियमांच्या संख्येप्रमाणे त्यांचीही भूक मोठी.

आणि खुद्द फायरवॉल. चालू असलेल्या प्रत्येक कनेक्शनची नोंद तो रॅममध्ये ठेवतो. पीएफसेन्समध्ये दर नोंदीला साधारण १ केबी धरतात आणि एकूण रॅमच्या १० टक्क्यांपर्यंत नोंदींना मुभा असते, म्हणजे ४ जीबीच्या डब्यात चार लाखांच्या आसपास. लिनक्समध्ये स्थिरावलेल्या टीसीपी कनेक्शनची नोंद काहीही हालचाल नसली तरी ४,३२,००० सेकंद, म्हणजे तब्बल पाच दिवस राहते. नोंदवही भरली की कर्नलच्या लॉगमध्ये ‘टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’ असा संदेश येतो. रॅम अर्धी रिकामी असतानाही! बाहेरून बघणाऱ्याला वाटतं प्रॉक्सी अडकला. फाइल डिस्क्रिप्टरचंही (प्रोग्रामने उघडलेल्या प्रत्येक फाइलला आणि कनेक्शनला मिळणाऱ्या क्रमांकांचंही) तसंच: प्रत्येक मागणीला एक सॉकेट ब्राउझरकडचं, एक बाहेरच्या सर्व्हरकडचं, आणि डिस्कवर लिहायचं असेल तर एक फाइल. मर्यादा १०२४ असेल तर चारपाचशे कनेक्शनांतच दम निघतो, आणि रॅम वाढवून त्यात काडीचा फरक पडत नाही.

४ जीबीच्या मशीनवर, मध्यम आकाराच्या ऑफिससाठी, मी कॅश_मेम ५१२ एमबी ठेवेन आणि डिस्क कॅश १० जीबी, तोही अपडेट साठवायचे असतील तरच. सूचीला १४० एमबी, वरखर्च २० एमबी, बेरीज पावणेसातशे एमबीच्या आत, दुप्पट केली तरी दीड जीबीच्या खाली. उरलेल्यात क्लॅमडी आणि फायरवॉल सुखाने राहतात. अपडेट साठवायची गरज नसेल तर डिस्क कॅश पूर्ण बंद. नव्या आवृत्त्यांत कॅश_डिरची ओळ मुळातच बंद असते आणि स्क्विड फक्त रॅमवर चालतो. डिस्क कॅश ठेवलाच तर पूर्ण पार्टिशन त्याला देऊ नका, २० टक्के जागा सोडा.

एवढं करूनही मेमरी चढतच राहिली तर ती भरतेय की गळतेय हे बघावं लागतं. ‘इन्फो’ अहवालातली ‘स्टोअरएंट्रीज’ची संख्या आणि प्रोसेसचा आकार, दोन्ही रोज ठरावीक वेळी टिपून ठेवा. दोन्ही बरोबरीने चढत असतील तर कॅश भरतोय. डिस्क ९० टक्क्यांच्या पुढे गेली की स्क्विड जुनं काढायला लागतो आणि दोन्ही आकडे सपाट होतात. नोंदी सपाट झाल्या, लोकांची संख्या तीच आहे, तरी प्रोसेस फुगतेच आहे, तेव्हा गळतीचा संशय रास्त. ‘मेम’ अहवालात कुठला साठा वाढतोय ते नावानिशी दिसतं. हे अहवाल पूर्वी स्क्विडक्लायंट या कमांडने काढायचे, सातव्या आवृत्तीतून ती गेली, आता कर्ल या कमांडने प्रॉक्सीच्याच पत्त्यावरून मागवता येतात.

आणि आवृत्ती बघा. सुरक्षा संशोधक जोशुआ रॉजर्स यांनी २०२१ मध्ये स्क्विडची तपासणी करून ५५ त्रुटी शोधल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनी त्या जाहीर केल्या तेव्हा त्यातल्या ३५ दुरुस्त व्हायच्या होत्या. त्यांत मेमरी गळतीच्याही होत्या. त्यानंतर पीएफसेन्सच्या मागे असलेल्या नेटगेट कंपनीने स्क्विडचं पॅकेज मोडीत काढत असल्याचं जाहीर केलं. तुमच्या डब्यात अजून त्याआधीचं पॅकेज चालू असेल, तर कॅश_मेमचा आकडा बदलण्याच्या आधी ते बदला.